तासाचा दाम आणि वर्षाचे साल



पाडवा जवळ आला की आसेगाव परिसरात सालगड्याच्या बोलण्या सुरू होतात. त्याच वेळी कुणाचा मुलगा शहरातून कळवतो, "मला तासावर काम मिळालं." रोजंदारी, साल आणि तासाचा दर यांत डावे-उजवे कसे ठरवायचे, असे सभासद आम्हाला विचारतात. त्याचा हिशेब येथे मांडत आहोत. उदाहरणातील रकमा केवळ समजण्यासाठी धरल्या आहेत.

मूळ आकडा २४९६

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. रोज ८ तास, आठवड्याला ६ दिवस. वर्षाचे ५२ आठवडे धरले, तर ४८ × ५२ = २४९६ तास. महिन्याचे २६ दिवस धरूनही हाच आकडा येतो. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात एका दिवसाचा पगार काढताना महिन्याच्या पगाराला २६ ने भागतात, ते याच कारणाने.

समजा, दर तासाला ५० रुपये आहे.
दिवसाचे : ५० × ८ = ४०० रुपये
महिन्याचे : ४०० × २६ = १०,४०० रुपये
वर्षाचे : १०,४०० × १२ = १,२४,८०० रुपये

फसगत कोठे होते?

हा हिशेब वर्षभर काम असेल तरच खरा. शेतमजुराला वर्षात १८० दिवसच काम लागले, तर हाती ७२,००० येतात, म्हणजे महिन्याला ६,००० रुपये. दर तोच, पण संसार बाराही महिने चालवायचा असतो. म्हणून दर विचारताना "दिवस किती भरतील?" हेही विचारावे.

सालगड्याचे साल

साल १,२०,००० रुपये ठरले असे धरू. आकडा मोठा वाटतो. पण गुरांचा चारा-पाणी, ओलित, राखण मिळून रोजचे १० तास आणि वर्षाचे ३४० दिवस धरले, तर ३,४०० तास होतात. तासाला पडले ३५ रुपये २९ पैसे. धान्य, कपडे दिले असतील तर त्यांची किंमत यात जरूर मिळवावी. वर्षभराच्या कामाची हमी हाही सालाचा फायदा आहेच. तरीपण रात्रीच्या ओलिताचे तास बोलण्याच्या वेळीच मोजले, तर पुढे भांडण होत नाही आणि गडी मध्येच साल सोडून जात नाही. किमान वेतनाचा चालू दरही पाहून घ्यावा.

आणि आपला स्वतःचा रोज?

उसाची एफआरपी ठरवताना घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत उत्पादन खर्चात धरली जाते. आपण मात्र आपल्या वहीत खत, बेणे, वीजबिल लिहितो, आणि घरधन्याचे व घरधनिणीचे तास सोडून देतो. एकरी ३०० तास घरचे गेले, तर ५० च्या दराने १५,००० रुपये झाले. एकरी ३० टन ऊस निघाला, तर टनामागे ५०० रुपये आपलीच मजुरी. तेवढ्याच तासांत ४० टन काढला, तर ३७५. नांग्या वेळेवर भरा, खोडव्यात पाचट ठेवा, असे आम्ही सांगतो त्यामागे हे गणित आहे.

यंदा वहीत एक रकाना तासांचा पाडा. सालाच्या शेवटी बेरीज केली, म्हणजे ऊस आपल्याला काय रोज देतो ते समजेल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग