अल्बममधले ‘लायसँडर’

पुण्यातल्या एका आजींनी गेल्या पावसाळ्यात मला घरचा जुना अल्बम दाखवला. एका फोटोत त्यांचे थोरले बंधू विमानाच्या पंखावर बसलेले. खाली शाईने लिहिले होते : ‘लायसँडर, ब्रह्मदेश, १९४२’. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने १९४२ च्या आरंभी त्या संथ विमानांतून जपान्यांवर बाँब टाकले होते. दादा त्यात होते, असे घरातल्या तीन पिढ्या ऐकत आल्या होत्या.

फोटो पाहून मी गप्प झालो. लायसँडरचा पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतो. इथे पंख छातीच्या उंचीवर होता आणि दादा त्यावर आरामात पाय सोडून बसले होते.

विमान ओळखायला लोक आधी नाक पाहतात. पण जुन्या फोटोंत नेमके तेच कापलेले असते, कारण फोटो काढणाऱ्याला माणसे हवी असतात. इथे माणसांच्या मागे काचेचे लांबलचक छप्पर दिसत होते. एकट्या वैमानिकाच्या हरिकेनला एवढे लागत नाही. मागे मशीनगनवालाही बसत असणार. शिवाय पंखाची पुढची कड धडापासून तिरकी मागे जाऊन मध्येच सरळ झाली होती. ही व्हल्टी व्हेंजन्सची खूण.

सरळ खाली झेपावून बाँब टाकण्यासाठी अमेरिकेत बनलेले हे विमान. झेप नीट उभी बसावी म्हणून पंख धडाला शून्य अंशात जोडलेला. त्यामुळे साध्या उड्डाणात ते नाक वर करून, शेपूट लोंबवत चाले. देखणे मुळीच नव्हे. अमेरिकेने स्वतः ते लढाईत उतरवले नाही. आपल्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनने मात्र अराकान आणि इंफाळच्या आघाड्यांवर ते वापरले.

राहिले वर्ष. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हात मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोळा. गफलत होऊन आपलीच विमाने पडू नयेत म्हणून या आघाडीवर तो लाल आधी पांढऱ्याने झाकला, पुढे १९४३ पासून तिथे फिकट निळा आला. कृष्णधवल फोटोत रंग कसा ओळखायचा? इथे मी पूर्वी सपशेल फसलो आहे. त्या काळच्या काही फिल्म लाल रंग टिपतच नसत. त्यांत लाल काळा दिसे आणि निळा फिकट. या फोटोत ठिपका जवळजवळ पांढरा होता. पांढरा असो की फिकट निळा, लाल नक्कीच नव्हे. आणि या दोन्ही स्क्वाड्रन स्थापन झाल्या त्याच मुळी डिसेंबर १९४२ मध्ये. ब्रह्मदेशाचेही खरे नाही. त्यांच्या धावपट्ट्या बंगाल-आसामच्या बाजूला होत्या.

हे सांगायला मी चार दिवस घेतले. आजींनी शांतपणे ऐकून विचारले, “म्हणजे दादा खोटं सांगत होता?”

“ओळ त्यांनी लिहिली होती का?”

त्यांनी अल्बम डोळ्यांजवळ नेला. “नाही हो. हे अक्षर माझं. तो गेल्यावर लिहिलं मी. तो विमानांबद्दल कधी बोलायचाच नाही.”

मग त्यांनी मला पेन्सिल दिली. शाईची ओळ तशीच ठेवून मी खाली ‘व्हेंजन्स, १९४३ किंवा १९४४’ असे लिहिले. गावाची जागा कोरी सोडली.