तालुक्याला आलं की

सकाळचे साडेदहा. खेड्यांतून पहिल्या एसटीनं आलेली माणसं आता हॉटेलात शिरतात. घर सोडताना पोटात नुसता चहा गेलेला असतो. तहसील असो, कोर्ट असो की बँक, साहेब खुर्चीत बसायला अजून वेळ आहे. या वेळचं खाणं म्हणजे धड न्याहारी नाही, धड जेवण नाही. शहरात त्याला हल्ली ब्रंच म्हणतात. गंगाखेडला येणारा माणूस बाकड्यावर पिशवी ठेवतो आणि सांगतो, “पाव किलो भजे काढा, गरम असले तर.”

आपल्याकडे भजे असे वजनावर मागायची रीत. दर्शनी बाजूला भट्टी, तिच्यावर कढई, शेजारी तराजू. घाणा निघाला की झाऱ्यावर तेल निथळतं आणि भजे थेट पारड्यात पडतात. सोबत त्याच तेलात तळलेल्या, मीठ लावलेल्या हिरव्या मिरच्या. त्या मागाव्या लागत नाहीत.

पण मराठवाड्याची खरी न्याहारी म्हणजे सुशीला. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याला हे बाईचं नाव वाटतं. चुरमुरे पाण्यात बुडवायचे आणि लगेच पिळून काढायचे. हात रेंगाळला की लगदा झालाच. मोहरी, कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद यांची फोडणी, वर डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर. कूट चुरमुऱ्यांचा ओलावा धरतं, म्हणून चांगली सुशीला मऊ असूनही मोकळी राहते. पोह्यांपेक्षा हलकी, आणि माझ्या मते चवीला वरचढ.

सकाळच्या खाण्यात खिचडीही असते. सकाळी खिचडी खायची ही सवय हैदराबादकडची. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि परभणी-परळी रेल्वेनं आजही तिकडची माणसं ये-जा करतात. राज्य गेलं, जिभेवरची सवय राहिली.

हॉटेलचं बाकडं मला या सगळ्याहून मोलाचं वाटतं. मराठवाड्यातल्या गावोगावच्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी असायची. बाहेर बसून चहा प्यायचा, आपली कपबशी आपण विसळून ठेवायची. २६ जानेवारी १९५०ला लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानं तर उपाहारगृहातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. कायदा करणाऱ्यांची नजर थेट त्या कपबशीपर्यंत गेली होती, हे वाचताना आजही गहिवरून येतं. कागदावरचं हे बाकड्यापर्यंत पोचायला पुढं कितीतरी वर्षं लागली. आज एकाच पिंपातून निघालेल्या ग्लासात सगळे चहा पितात, तेव्हा मी ती गोष्ट किरकोळ मानत नाही.

बायांना तर त्याहून उशीर लागला. बाजाराला आलेली बाई घरून बांधून आणलेली भाकर झाडाखाली सोडायची, हॉटेलात पुरुष. मग ‘फॅमिली रूम’ आल्या, पडदा लावलेल्या, पंखा नसलेल्या. गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. दळण-कांडण करता करता त्यांनी अभंग रचले. त्यांच्या गावात बाईला बसून, दुसऱ्याच्या हातचं, गरम खायला मिळावं, एवढं मागणं मला फार वाटत नाही.

भाकरीलाही हॉटेलात मान असा उशिराच मिळाला. परभणी हा रब्बी ज्वारीचा जिल्हा. इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या एका वाणाचं नावच ‘परभणी मोती’. ढाब्यांवर, खानावळींत आता शेवभाजी, पिठलं, ठेचा यांच्यासोबत ज्वारीची भाकरी मानानं मागतात. तव्यावर पाण्याचा हात फिरवलेली, निखाऱ्यावर फुगलेली भाकरी ताटात पडते तेव्हा ती थापणारी बहुधा बाईच असते, आतल्या धुरात. जेवणाचं कौतुक करणाऱ्यानं एकदा आत डोकवावं.

परवा माझ्या समोरच्या बाकड्यावर सासू-सून येऊन बसल्या. म्हातारीचं निराधारच्या पगाराचं काम होतं, कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. सून उठायच्या बेतात, म्हणाली, “आत्या, घरी जाऊनच खाऊ.” पोऱ्या फडकं मारत म्हणाला, “मावशी, बसा ना. सुशीला ताजी हाय.”

दोन प्लेट आल्या. म्हातारीनं पहिला घास घेतला, क्षणभर थांबली आणि सुनेला म्हणाली, “कूट कमी पडलं गं.” मग पिशवी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली आणि प्लेट जवळ ओढली.