मांजरासाठी दारात झडप

कॅट फ्लॅप : दाराच्या खालच्या भागात बसवलेली, आतबाहेर झुलणारी झडप. इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथेड्रलच्या दारातलं मांजराचं गोल भोक १५९८च्या सुमाराचं. त्याला झडप नाही.

• झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या रेषेत हवी. बाहेरची जमीन खोल असेल तर तिथे पायरी द्यावी.

• चुंबकी कुलूप गळपट्ट्यातल्या चुंबकाने उघडतं. पट्टा हरवला की मांजर बाहेरच अडकतं. चिपवालं कुलूप कातडीखालच्या मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक ओळखतं, म्हणून जास्त भरवशाचं. इंग्लंडमध्ये २० आठवड्यांवरच्या पाळीव मांजरांना ही चिप १० जून २०२४पासून सक्तीची आहे.

• दाराला टफन्ड काच असेल तर ती कापता येत नाही, तिचा चुरा होतो. भोकासह नवी काच बनवून घ्यावी लागते.

• आगरोधक दाराला भोक पाडू नये.