मुंबई हायची रसद वाहणारी जहाजे

१९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने जेथे तेलाचा शोध लावला, त्या मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्रावरील प्लॅटफॉर्मांचा अहोरात्र संसार ज्यांच्या भरवशावर चालतो, ती रसदवाहू जहाजे आपल्या दृष्टीस क्वचितच पडतात. न्हावा येथील तळावरून इंधन, गोडे पाणी, सिमेंट, ड्रिलिंग मड (विहीर खोदताना वापरायचा द्रव) आणि शिधासामग्री घेऊन ती सुमारे १६० किलोमीटर समुद्र ओलांडतात. आणि त्यांतील आधुनिक जहाजे तर नांगर न टाकता, संगणकाच्या हुकमाने फिरणाऱ्या पंख्यांच्या बळावर, लाटावाऱ्याशी झुंजत प्लॅटफॉर्मलगत तासन्‌तास स्थिर राहतात. जुलै २००५ मध्ये मुंबई हायवरच एका साहाय्यक जहाजाची धडक तेलवायूच्या नळास बसून उसळलेल्या आगीत २२ जीव गेले. ती दुर्घटना स्मरून, हा ताफा सावधपणे चालवणाऱ्या प्रत्येक खलाशास माझा मनःपूर्वक प्रणाम.