लॉगिन प्रपत्र, जँगोमधील

संकेतस्थळाच्या वापरकर्त्याची ओळख पटविण्यासाठी त्याच्याकडून नाव व पासवर्ड घेणारे प्रपत्र. जँगो ही पायथन भाषेत लिहिलेली, संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरली जाणारी आज्ञावली-चौकट होय. अमेरिकेच्या कॅनझस राज्यातील लॉरेन्स येथे, तेथील वृत्तपत्राच्या कामासाठी एड्रिअन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी तिची उभारणी २००३ मध्ये सुरू केली. जुलै २००५ मध्ये ती सर्वांस खुली झाली. जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून तिचे नामकरण झाले.

चौकटीत नाव व पासवर्ड अशा दोन रकान्यांचे प्रपत्र तयार असते. त्यात गरजेनुसार बदल तीन पातळ्यांवर करता येतात. पहिली पातळी बाह्य स्वरूपाची. पृष्ठाचा साचा विकासकाने स्वतः लिहावयाचा असल्याने मांडणी व मजकूर त्याच्या इच्छेप्रमाणे ठेवता येतो. दुसरी पातळी खुद्द प्रपत्राची. मूळ प्रपत्रापासून नवा वर्ग साधून त्यात रकाने वाढविता येतात. तसेच पासवर्ड बरोबर असूनही, उदा., सदस्यत्वाची मुदत संपली असल्यास, प्रवेश नाकारण्याची अट घालता येते. तिसरी पातळी ओळख पडताळणाऱ्या यंत्रणेची. नावाऐवजी ई-मेल पत्ता घ्यावयाचा असल्यास वापरकर्त्याची स्वतंत्र प्रतिकृती रचतात. ही सोय २०१३ मधील १·५ या आवृत्तीपासून उपलब्ध झाली. हा निर्णय कामाच्या आरंभीच घेणे इष्ट असते. कारण माहितीची कोष्टके तयार झाल्यावर असा बदल करणे फार जिकिरीचे ठरते.

बदल करताना मूळ प्रपत्रातील संरक्षण नकळत नाहीसे होण्याचा धोका असतो. नाव चुकले की पासवर्ड, हे मूळ प्रपत्र सांगत नाही; दोन्हींसाठी संदेश एकच असतो. ‘असे नाव नाही’ असा वेगळा संदेश दिल्यास कोणाचे खाते अस्तित्वात आहे, हे परक्यास कळते. नाव नोंदलेले नसतानाही चौकट पासवर्डवरील गणितक्रिया एकदा पार पाडते, म्हणजे उत्तरास लागणाऱ्या वेळेवरूनही अंदाज बांधणे अवघड जाते. स्वतंत्र पडताळणी लिहिणाऱ्याने हीच दक्षता बाळगावी लागते. पासवर्ड मूळ रूपात साठविलेला नसून त्यात यादृच्छिक अक्षरे मिसळून व अनेक आवर्तने करून मिळालेले मूल्यच साठविलेले असते. म्हणून त्याची तुलना चौकटीने पुरविलेल्या फलनानेच करावी.

साच्यात गुप्त खूण घालण्याचे राहिल्यास चौकट मागणी नाकारते. अशा वेळी ती तपासणीच बंद करणे घातक होय. कारण मग दुसऱ्या संकेतस्थळावरून वापरकर्त्यास त्याच्या नकळत परक्याच्या खात्यात दाखल करता येते आणि त्याने पुढे भरलेली माहिती त्या परक्याच्या हाती पडते. वारंवार होणाऱ्या फसव्या प्रयत्नांस मर्यादा घालण्याची व्यवस्था मात्र चौकटीत अंगभूत नाही. ती विकासकाने निराळी जोडावी लागते.