गरीबखान्याची भिंत आणि निराधारांचा हक्क

१९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात ४,२३,६१६ माणसे मोजली गेली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची सोडून १२ टक्क्यांनी घटली होती. १८९६-९७ च्या टंचाईतून शेतकरी सावरतो न सावरतो, तोच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. ज्वारी बुडाली, गुरे चाऱ्यावाचून मेली, आणि उपासमारीने खंगलेल्या माणसांना रोगराईने गाठले.

बुलढाणा ज्या वऱ्हाडात येते, ते तेव्हा नावाला निजामाचे, कारभार मात्र इंग्रजांचा. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून देशभर दुष्काळ संहिता तयार झाल्या होत्या. त्यांत मदतीच्या वाटा ठरलेल्या होत्या. धडधाकटांनी दुष्काळी कामावर खडी फोडायची, माती वाहायची. म्हातारे, आंधळे, पांगळे यांना गावातच धान्य किंवा पैसे द्यायचे. आणि गाव सोडून भटकणाऱ्यांसाठी, भिकाऱ्यांसाठी गरीबखाना. तिथे शिजवलेले अन्न मिळे, पण परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. अंगात बळ आले की कामावर किंवा मूळ गावी रवानगी होई.

इंग्लंडमध्ये १८३४ च्या कायद्याने गरिबांसाठी कामाची कोंदट घरे उभारली होती. मदत इतकी कष्टाची करायची की खरा गरजूच दाराशी येईल, हा तिथला विचार. तोच इथे आला. परिणाम असा झाला की जातीची बंधने, कोंडून घातले जाण्याची धास्ती आणि लाज यांमुळे अनेक जण शेवटच्या घटकेपर्यंत गरीबखाना टाळत. तिथे पोचेपर्यंत पोटात अन्न ठरण्याची ताकदही उरत नसे. माणूस खचण्याआधीच मदत सुरू करा, त्याला धीर द्या, असे १९०१ च्या मॅकडोनेल दुष्काळ आयोगाला बजावून सांगावे लागले.

महाराष्ट्राने पुढे याहून मोठे पाऊल टाकले. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांनी लाखो हातांना काम दिले आणि रोजगार हमी योजनेच्या १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क ठरला. ज्यांना काम झेपत नाही त्यांच्यासाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. आता निराधाराला कुठल्या भिंतीआड जावे लागत नाही. आधार त्याच्या घरीच पोचावा, अशी ही व्यवस्था आहे.

पण उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, दरवर्षीचा हयातीचा दाखला यांत एकटी म्हातारी माणसे अडकतात. कागदांची ही भिंत नवा गरीबखाना होऊ नये. आपल्या गल्लीत असे कोणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्यासोबत तहसील कार्यालयात जा आणि अर्ज भरून द्या.