कारागिराच्या कपड्यांतून घरात जाणारा पारा

या पानावर एरवी सूत, बाजारभाव आणि उधारी यांची चर्चा असते. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो धंद्याचाच आहे. कारागीर संध्याकाळी घरी जातो तेव्हा मजुरीबरोबर आणखी काय घेऊन जातो, याचा हिशेब आमच्या व्यापारी बांधवांपैकी फार थोडे लोक ठेवतात. भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या केसांत आणि सदऱ्यावर कापसाचे तंतू बसलेले सर्वांना दिसतात. घरात शिरण्यापूर्वी तो ते झटकून टाकतो. पारा मात्र असा झटकला जात नाही, आणि बहुधा दिसतही नाही.

उर्दूत पाऱ्याला सीमाब म्हणतात, आणि जो एका जागी बसत नाही त्याची तबियत सीमाबी. आम्हाला हे नाव फार चपखल वाटते. थेंब सांडला की त्याचे बारीक गोळे होतात आणि फरशीच्या फटीत, चपलेच्या तळाला, खिशाच्या शिवणीत जाऊन बसतात. तेथून त्याची वाफ होत राहते. तिला रंग नाही, वास नाही. गिळलेला पातळ पारा बहुतेक तसाच शरीराबाहेर पडतो. वाफेचे तसे नाही. श्वासातून गेलेल्या वाफेचा सुमारे 80 टक्के भाग शरीर शोषून घेते. आता घरात जमिनीच्या सर्वांत जवळ कोण असते? रांगणारे मूल. वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसापेक्षा हवाही जास्त ओढते, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात थर्मामीटर बनविणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांच्या मुलांची तपासणी झाली होती. तिचे निष्कर्ष 1987 साली प्रसिद्ध झाले. कामगारांच्या मुलांच्या लघवीत दर लिटरला सरासरी 25 मायक्रोग्रॅम पारा निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांत तो 5 होता. म्हणजे पाचपट. कामगारांच्या घरांतील हवेतही तो जास्त आढळला. पारा कपड्यांवरून आणि बुटांवरून घरी पोहोचला होता. या मुलांत आजाराची उघड लक्षणे दिसली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पण लक्षणे दिसेपर्यंत थांबावे असे कोणता बाप म्हणेल? पुढे 1992 साली तेथे कामगारांच्या कुटुंबांच्या संरक्षणासाठी खास कायदा झाला आणि कामावरून घरी जाणाऱ्या विषांचा सरकारी पातळीवर अभ्यास करण्यात आला.

आपल्याकडील उदाहरण कोडाईकनालचे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाऊन येथील थर्मामीटरचा कारखाना बंद झाला आणि त्याची यंत्रे 1983-84 च्या सुमारास तामिळनाडूच्या या थंड हवेच्या गावी आली. पुढे तो कारखाना हिंदुस्थान लीव्हरच्या ताब्यात गेला. मार्च 2001 मध्ये गावातील एका भंगारवाल्याकडे पारा लागलेल्या फुटक्या काचेचा ढीग सापडला आणि कारखाना बंद पडला. (भंगाराचा धंदा आमच्या कितीतरी बांधवांचा आहे. पोत्यात काय भरले आहे हे विकणारा सांगत नाही, आणि घेणारा विचारीत नाही.) 2003 साली सुमारे 290 टन पारायुक्त कचरा अमेरिकेला परत पाठविण्यात आला. कामगारांच्या प्रकृतीवर परिणाम झाला नाही, असे कंपनी सांगत राहिली. कामगार आपल्या आणि आपल्या मुलांच्या आजारांची तक्रार करीत राहिले. शेवटी 2016 साली 591 माजी कामगारांशी तडजोड झाली. पंधरा वर्षे! तक्रारीच्या वेळी जे मूल पाळण्यात होते, ते एव्हाना शाळा संपवीत आले होते.

आमच्या वाचकांपैकी थर्मामीटर कोणी बनवीत नसेल. पण सोनारांच्या दुकानांतील केर, राख आणि गाळ विकत घेऊन त्यातून सोन्याचा कण काढणारे झारेकरी आमच्यातच आहेत. पारा सोन्याचा कण धरतो. मग विस्तवावर पारा उडविला की सोने उरते. हुनर पिढ्यांचा आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र हे काम राहत्या खोलीत किंवा स्वयंपाकाच्या चुलीवर झाले तर कपडे बदलण्याचाही उपयोग नाही, कारण मग घर हाच कारखाना. 1948 च्या कारखाना कायद्याने पाऱ्याची विषबाधा सरकारला कळवावयाच्या रोगांत घातली होती. पण एका खोलीतल्या अशा भट्टीपर्यंत निरीक्षक पोहोचत नाही.

लहान मुलात या विषाची खूण मोठ्यांपेक्षा निराळी असते. तळहात-तळपाय गुलाबी होतात, खाजतात, त्यांची साल निघते. मुलाला घाम फार येतो, झोप लागत नाही, भूक मरते, उजेड सोसत नाही, ते सारखे किरकिरते. रक्तदाब वाढतो, पण लहान मुलाचा रक्तदाब सहसा कोणी मोजत नाही. पूर्वी पाश्चात्त्य देशांत दात येताना मुलांना द्यावयाच्या पुडीत पाऱ्याचे क्षार असत, त्यामुळे हा आजार सर्रास होई. 1950 च्या दशकात त्या पुड्या मागे पडल्या आणि आजारही जवळजवळ नाहीसा झाला. म्हणूनच आजच्या डॉक्टरला तो चटकन सुचत नाही. तेव्हा बापाचा धंदा काय, हे आपणच सांगावे आणि लघवीतील पाऱ्याची तपासणी मागावी.

मालकांना आमचे सांगणे एवढेच की कामाच्या कपड्यांचा जोड दुकानातच ठेवावा आणि तेथेच धुवावा. आम्ही कापडवाले आहोत. एका जोडाला काय पडते हे आम्हाला पुरते ठाऊक आहे, आणि ते कोणत्याही मालकाला परवडते. चपला वेगळ्या असाव्यात. हातपाय धुऊन, शक्य तर अंघोळ करूनच घरी जावे. पारा तापविण्याचे काम राहत्या घरी कदापि नको. जेथे होते तेथे वाफ बाहेर नेणारी नळी हवी आणि मुलांना मज्जाव हवा. पारा सांडलाच तर झाडू मारू नये, सफाईचे यंत्रही लावू नये, त्याने तो अधिक पसरतो. खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळे एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. ती बाटली मोरीत रिकामी करू नये आणि भंगारातही देऊ नये.